नकाशात नसलेलं पाणी

निवृत्त झालो त्या वर्षी चैत्र सरता सरता एका सकाळी दूध घेऊन परत आलो आणि दारातच थबकलो. पायरीवरचा तुळशीचा डबा जागेवर नव्हता. आत गेलो तर पाटा-वरवंटा नव्हता, पितळी परात नव्हती, बायकोची पत्र्याची ट्रंक नव्हती आणि बायकोही नव्हती. चोर पाटा-वरवंटा नेत नाहीत, एवढं मला कळत होतं. पण त्यापुढे डोकं चालेना. पिशवी कुठेतरी फुटली होती आणि दूध माझ्या चपलेवर ठिबकत होतं, तरी मी तसाच उभा.

शेजारच्या क्वार्टरमधल्या बाई कठड्यावरून वाकल्या. "वहिनी टेंपोत बसून गेल्या. भाऊ आला होता त्यांचा. तुम्हाला सांगितलं नाही?"

त्या 'सांगितलं नाही'मध्ये जी गोडी होती ती मी अजून विसरलेलो नाही. दुपारपर्यंत सगळ्या वसाहतीत झालेलं असणार की म्हाताऱ्याची बायको पळाली.

भिवपुरीच्या वीजकेंद्रात मी सगळी नोकरी ड्राफ्ट्समन म्हणून काढली. डोंगरावरच्या तलावातलं पाणी पाइपातून खाली कसं आणायचं, कुठे वळवायचं, काम झाल्यावर कुठे सोडायचं, याचे नकाशे काढणं हा माझा धंदा. ऑफिसात सगळे संगणकावर बसले तरी मी माझा बोर्ड सोडला नाही. माझी रेघ बघायला मुद्दाम माणसं यायची, आणि मला ते आवडायचं. उगीच कशाला लपवा?

मुलगी शाळेत होती तेव्हा आम्ही खालापूरच्या अलीकडे, हमरस्ता सोडून आत गेल्यावर लागणाऱ्या एका गावाच्या कडेला जमिनीचा तुकडा घेतला. खरेदी बायकोच्या नावावर केली. त्यावर बांधायच्या घराचा नकाशा मी त्याच आठवड्यात काढायला घेतला. मुलीचं लग्न झालं, तिला मूल झालं, नकाशा चालूच. घर पाहावं बांधून, असं म्हणतात. मी ते नुसतं काढून पाहत होतो. पायरी सात इंची की साडेसहा, देवघरात ऊन कुठल्या महिन्यात कुठून येईल, स्वयंपाकघरातल्या वाऱ्याने समई तर विझणार नाही? यातलं एकही फालतू नव्हतं. तीच तर पंचाईत होती. प्रत्येक शंका खरी होती, आणि एक मिटली की तिच्या पोटातून दुसरी निघायची.

खिडक्यांना लावायचा रंग मी आधीच आणून ठेवला होता, चांगल्यातला. खिडक्या काही झाल्या नाहीत, रंगाचा आतल्या आत दगड झाला. बायकोने डबा खरवडून त्यात तुळस लावली. "घर झालं की जमिनीत लावू," मी म्हणालो होतो. आमची क्वार्टरं बदलली, डबा आमच्याबरोबर फिरला.

ती गेली त्याच्या आदल्या दुपारी खोपोलीचा गवंडी आला होता. अक्षय्यतृतीया तोंडावर होती, त्या मुहूर्ताला पाया घ्यायचं ठरलं होतं. त्याच्यासमोर नकाशा उलगडताना मला जिन्याखालची जागा खटकली. मी त्याला म्हणालो, "दसऱ्यानंतर बघू."

तो गेला. बायको तांदूळ निवडत बसली होती. तिचं माहेर कर्जतकडच्या एका खेड्यातलं, आणि राग आला की ती माहेरचं बोलते.

"दिवाळीनंतर हे घर सोडायचं हाय," ती म्हणाली. "मंग ऱ्हायचं कुठं? नकाशात?"

"अति घाई संकटात नेई," मी म्हणालो. घाटातल्या पाट्यांवर लिहिलेलं असतं ते. वर हसलोसुद्धा.

तिने सूप पुढे ओढलं. तांदूळ निवडून झाले, सूप झटकलं आणि उठली. मला वाटलं, विषय संपला.

तर ती सकाळ. मी स्कूटर काढली. आधी तिच्या माहेरी गेलो. तिथे मेव्हण्याची बायको तोंडाला पदर लावून म्हणाली, "ताई हितं नाय. त्या त्यांच्या घरी गेल्या." त्यांच्या घरी? मी तसाच पळसदरीवरून खोपोलीकडे आणि पुढे प्लॉटवर गेलो. लांबूनच धूर दिसला आणि माझं धाबं दणाणलं. माझ्या मोकळ्या, स्वच्छ, नीट मोजलेल्या जमिनीच्या बरोब्बर मध्ये एक खोपटं उभं होतं. बांबूचे वासे, जुने पत्रे, भिंतीच्या जागी कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणाचा ओला लेप. वाकडं म्हणजे किती वाकडं असावं! चार खांबांतले दोन एका उंचीचे नव्हते. दारात तुळशीचा डबा.

मेव्हणा पत्र्यावर दगड ठेवत होता. हा खोपोलीत कारखान्यात कामाला आहे आणि सुट्टीला शेती बघतो.

"काय रं हे?" मी ओरडलो. त्याच्याशी बोलताना मीही त्याच्यासारखाच बोलतो.

"खोपटं हाय, भावजी. ताईनं काल सांजच्याला सांगितलं, चार गडी लावून रातोरात उभं केलं."

"माझ्या प्लॉटवर?"

आतून बायकोचा आवाज आला. "कोनाच्या?"

मी आत वाकून बघितलं. ती चुलीपुढे बसली होती, धुराने डोळे लाल, आणि चुलीच्या कडेला दुधाचे पांढरे ओघळ वाळले होते. नव्या घरात पहिल्यांदा दूध उतू घालवतात. तिने ते घालवलं होतं, माझ्याशिवाय. आणि मी तिकडे फुटकी पिशवी धरून उभा होतो. लागलं मला ते, फार लागलं. पण तोंडातून निघालं भलतंच.

"अगं, ही चूल जिन्यात आली."

तिने मान वर केली, इकडे बघितलं, तिकडे बघितलं. "कुठला जिना?"

मेव्हणा पत्र्यावर बसून एवढा हसला की एक दगड खाली पडला.

"चूल पेटली, घर झालं," ती म्हणाली. "बाकीचं मागनं. वाकडं हाय, असू दे. चा घेता?"

'असू दे' हा तिचा शब्द. भाकरीला चीर गेली, असू दे. पडद्याची शिलाई उसवली, असू दे. तो शब्द ऐकला की माझ्या दाताखाली खडा आल्यासारखं व्हायचं. मी चहा घेतला नाही. स्कूटरला किक मारली आणि घरी आलो.

पुढचे दोन महिने ती तिकडे आणि मी इकडे. भांडण असं नव्हतं. ती रोज फोन करायची. प्लॉटशेजारी एक म्हातारा शेतकरी आणि त्याची बायको राहत होती, ती म्हातारी रात्री सोबतीला यायची. बायको सांगायची, पत्रा फार वाजतो. पाली फार आहेत. दोन कोंबड्या घेतल्या. मागच्या कुडाचा लेप पडला, परत दिला, परत पडला. तिच्या आवाजात एक नवाच उत्साह होता आणि त्याचा मला राग येत होता. मी पिठलं-भात करून खायचो आणि जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरायचो. जिन्याखालच्या जागेचा प्रश्न मी त्या दिवसांत सोडवला. इतका सुंदर सुटला की वाटलं, आता ही एकदा बघेल आणि खोपटं स्वतःच्या हाताने मोडेल.

आषाढ अर्धा झाला होता. पाऊस सुरू होऊन बरेच दिवस झाले होते आणि त्या आठवड्यात तर तो थांबतच नव्हता. एका सकाळी मेव्हण्याचा फोन आला. "भावजी, मी रातपाळी करून आलोय प्लॉटवर. तुमी या."

"काय झालं?"

"या तुमी."

मी निघालो. निघताना नकाशाची नळी खांद्याला लावली. का लावली, विचारू नका. मनात कुठेतरी होतंच की खोपटं पडलं असणार, आणि मग मी शांतपणे नकाशा उलगडणार. स्कूटर रस्त्यावरच ठेवावी लागली. पुढची वाट म्हणजे नुसता चिखल. तेव्हा माझ्या लक्षात आलं की पावसाळ्यात या वाटेवर मी आयुष्यात पहिल्यांदा पाय ठेवत होतो. बूट खराब होतात म्हणून आम्ही नेहमी संक्रांतीच्या सुमाराला यायचो, उन्हात बसून डबा खायचो, मी फीत लावून मोजायचो आणि संध्याकाळी परत जायचो.

खोपटं पडलेलं नव्हतं. पडलं असतं तर बरं, अशी माझी गत झाली. मागच्या टेकाडावरून तांबडं पाणी येत होतं, चांगलं दोन हात रुंद, घाईघाईने. ते मागच्या कुडातून आत शिरत होतं आणि दारातून बाहेर पडून खालच्या भातखाचरांकडे जात होतं. चूल विरघळून गेली होती. बायको ट्रंकेवर उभी होती, कमरेवर तुळशीचा डबा, मूल घ्यावं तसा. तिचे डोळे पांढरे झाले होते.

"अहो," ती म्हणाली, "हितनं नदी जाती!"

मी दारात, घोट्याच्या वर पाण्यात. तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय ते मला तिथे कळलं. शेजारचा म्हातारा इरलं पांघरून बांधावर उभा होता. मी त्याला विचारलं, "हे पाणी आजच आलं का?"

"नाय, सायेब. दरसाली येतं. आखाडात टेकाड भरलं का हितनंच उतरतं."

"मग आम्हाला सांगितलं का नाही?"

तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मीच काही विचित्र विचारलं होतं. "तुमी पान्याचं सायेब ना? फिती लावून येवढं मोजत व्हतात. मला वाटलं, पानी बघूनच काढलं आसंल. तुमाला आमी काय सांगायचं?"

"आनि मला?" बायको ट्रंकेवरून म्हणाली.

"तुमी सायेबाच्या मानूस. तुमाला म्हायती आसंलच."

मी नळी उघडली. माझा नकाशा कागदावर नव्हता, प्लॅस्टिकसारख्या फिल्मवर होता, पावसाने त्याला काही होत नाही. तसाच पावसात धरला आणि समोर वाहणाऱ्या पाण्यावर मनातल्या मनात ठेवून बघितला. पाणी देवघराच्या खिडकीखालून आत येत होतं. ज्या जागेचा प्रश्न मी दोन महिने सोडवला, त्या जिन्याखालून जात होतं. स्वयंपाकघर ओलांडून माझ्या मुख्य दरवाजातून, उंबऱ्यावरच्या स्वस्तिकावरून बाहेर पडत होतं. डोंगरावरच्या पाण्याचा थेंबन् थेंब कुठे जातो ते सांगण्याचा पगार मी आयुष्यभर घेतला. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण हा अंधार मी स्वतःच्या हाताने, टोकदार पेन्सिलीने काढला होता.

ही गोष्ट ऐकून लोक मला सांगतात, बरं झालं, तुम्ही चालढकल केलीत म्हणून वाचलात. असं कोणी म्हणालं की माझं डोकंच फिरतं. अहो, इतक्या वर्षांत एका पावसाळ्यात जरी मी तिथे चार बांबू रोवून वर पत्रा टाकला असता, तरी त्या पाण्याने मला सगळं फुकट सांगितलं असतं. माझ्या हातून उशीर झाला म्हणून घर वाचलं नाही. तिने वाकडं खोपटं बांधलं म्हणून वाचलं.

तेव्हा मात्र एवढं सुचलं नाही. तेव्हा फक्त बायकोचे पाय दिसले, ट्रंकेच्या पत्र्यावर, थंडीने पांढरे पडलेले. तिला वाटत होतं मी आता बोलणार. मेव्हण्यालाही वाटत होतं. मी कुडाला टेकवलेलं फावडं घेतलं आणि मागे जाऊन चर खणायला लागलो.

मोजलं नाही, उतार काढला नाही, दोरी लावली नाही. आणि आधी चुकलंच. पाणी वळलं ते सरळ म्हाताऱ्याच्या लावणी झालेल्या खाचरात. बांध फुटला आणि मघापासून मला साहेब म्हणणारा म्हातारा आई-बापावरून ओरडायला लागला. मी धावत जाऊन चिखलाचे गोळे घालून तो बांध बुजवला, मेव्हणा दुसरीकडून आला, म्हातारा शिव्या देत देतच मदतीला उतरला. मग चर दुसऱ्या अंगाने नेला. मध्ये दगड लागला, त्याला वळसा घातला. पुढे झाडाचं मूळ, त्यालाही वळसा. माझ्या हातून आजवर निघालेली सगळ्यात घाणेरडी रेघ ती. पण निम्म्याहून जास्त पाणी त्या रेघेतून गेलं. खोपट्यात घोट्याएवढं होतं ते तळव्याएवढं झालं. मी तिथेच चिखलात बसलो आणि मला हसू येत होतं की रडू, ते मलाच कळेना. हातांना फोड आले होते. सगळी नोकरी पाण्याच्या रेघा काढल्या, पण काढलेल्या रेघेतून पाणी जाताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

बायको खाली उतरली. "थोडं येतंय अजून," ती म्हणाली. "असू दे."

दुपारी पाऊस जरा ओसरला. मेव्हण्याने तीन दगड मांडून चहा ठेवला. मी सरपण आणायला कोपऱ्यात गेलो आणि परत एकदा हबकलो. लाकडांवर माझा नकाशा पांघरलेला, चारी कडांना दगड ठेवून, उलटा.

"अगं, हे काय?"

"लाकडं भिजत व्हती," ती म्हणाली. आणि मग अगदी मनापासून, "लई चांगला कागद हाय वो. थेंब आत जात नाय."

मी काढायला हात पुढे केला. मग तसाच मागे घेतला आणि नकाशाखालून दोन कोरडी लाकडं ओढून घेतली.

त्या दिवसापासून मी तिथेच राहिलो. माझ्यात एकदम फरक पडला असं कोणाला वाटत असेल तर तसं काही नाही. भाद्रपद सरता सरता गवंडी आला, "साहेब, कुठून धरायचं?" म्हणाला, आणि माझा हात खिशातल्या पेन्सिलीकडे गेला. तोंडात 'दसऱ्यानंतर' आलंच होतं. बायकोने चुलीतल्या राखेचं टोपलं माझ्या हातात दिलं. मग मी खोपट्यापासून वर, उंचवट्याकडे चालत गेलो. पावसाळाभर जिथे माझे पाय कोरडे राहिले होते, जिथल्या दगडांना शेवाळ धरलं नव्हतं, तिथून राख सांडत फिरलो. एक खोली, पुढे पडवी. गवंड्याने राखेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "एवढंच?" त्याला वाटलं असावं, नोकरी सुटल्यावर माणसाचं डोकं सरकतं.

खोली झाली. मागची भिंत गुण्यात, म्हणजे काटकोनात नाही, कोपऱ्यात कपाट बसत नाही, मागे बोटभर फट राहते. मला ती फट रोज दिसते आणि रोज बोचते. दिवाळी आम्ही तिथे केली, भिंतींना गिलावा नव्हता आणि दाराला पत्रा टेकवलेला होता. मुलगी येऊन बघून गेली. फोटो मात्र काढू दिले नाहीत, मी नव्हे, माझ्या बायकोनेच. म्हणाली, "आधी चुना होऊ दे." मी चकित झालो.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी बायको डबा घेऊन अंगणात आली.

"आता लावू का?" तिने विचारलं. "का अजून कुठं जायचं हाय?"

एवढ्या वर्षांत मी या प्रश्नाला 'थांब' हेच उत्तर दिलेलं होतं. मी कुदळ घेतली आणि खड्डा केला. डबा उलटा केला, थोपटला, तुळस निघेना. मेव्हण्याने पत्र्याची कात्री आणून डबा कापला तेव्हा आतलं बघायला आम्ही तिघेही वाकलो. माती उरलीच नव्हती. पांढरी मुळं एकमेकांत गुंतून गोल गोल फिरली होती, आणि डब्याच्याच आकाराची झाली होती. बायकोने त्या मुळांवरून हात फिरवला. मला तिच्याकडे बघवेना.

तुळस खड्ड्यात ठेवली, माती लोटली, आळं केलं. ती दारात जाऊन उभी राहिली आणि मान तिरकी करून बघायला लागली.

"अहो, दारासमोर नाय आली. डावीकडं हाय जरा."

मी बघितलं. खरंच डावीकडे होती, चांगली वीतभर. माझा हात खिशातल्या टेपवर गेला.

"उपटून परत लावता?" ती म्हणाली. "माती मोकळी हाय अजून."

"असू दे," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. "काय म्हनलात?"

"असू दे म्हटलं."

ती पडवीच्या कडेला मटकन बसली आणि तोंडावर हात धरला. मला आधी वाटलं ती हसतेय. मेव्हणा कापलेला डबा उचलून गुपचूप मागच्या बाजूला निघून गेला. बऱ्याच वेळाने तिने पदराने तोंड पुसलं, आत जाऊन तांब्या भरून आणला आणि तुळशीला पाणी घातलं. जास्त झालेलं पाणी आळ्याबाहेर आलं, आणि आम्ही दोघंही ते कुठे जातंय ते बघत उभे राहिलो.